पेरोजाचे मूळ गाव : एका अंगठीच्या निमित्ताने

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने समाजबांधवांच्या घरांतील जुन्या वस्तूंचे एक छोटेसे प्रदर्शन भरविण्याचे आपल्या ट्रस्टने योजिले, तेव्हा प्रत्येक वस्तूसोबत ठेवावयाची माहितीपट्टी लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. पितळी समया, पोथ्यांची रेशमी वेष्टने, निजामी अमदानीतील वजने, मोडी लिपीतील वह्या अशा वस्तू जमल्या. बहुतेक पट्ट्या दोन-तीन संध्याकाळीत लिहून झाल्या. एक पट्टी मात्र कित्येक आठवडे कोरी राहिली. ती होती माझ्या धाकट्या बहिणीने सेलूहून आणलेल्या पेरोजाच्या अंगठीची.

ही अंगठी मूळची आमच्या आजीची. १९८४ साली बहिणीचे लग्न ठरले, तेव्हा सलग दोन वर्षे पावसाने आणि उधारीने दुकानाचे कंबरडे मोडले होते. ठरलेल्या सोन्याच्या बांगड्या करणे शक्य नव्हते. त्यांच्या जागी आजीची अंगठी द्यावी असे घरात ठरले. बहीण हिरमुसली होती. मी तेव्हा नुकताच बी.कॉम. होऊन गादीवर बसू लागलो होतो. मी तिला समजाविले, "अगं, हा इराणच्या खाणीतला जुना पेरोज आहे. बांगड्यांहून भारी." तिने विश्वास ठेवला. या वर्षी अंगठी माझ्या हातात देताना ती सहज म्हणाली, "दादा, पट्टी तूच लिही. इराणची हकिकत तूच मला सांगितली होतीस."

ते वाक्य मी कशाच्या आधारावर बोललो होतो, असा प्रश्न मी स्वतःला चाळीस वर्षांत कधी विचारला नव्हता. आजी तसे म्हणत असे, एवढेच. पट्टी समाजासमोर लावायची, तर तेवढ्यावर भागणार नव्हते. म्हणून जे वाचले, विचारले आणि तपासून घेतले, ते वाचकबंधूंसमोर ठेवीत आहे.

नाव बाजाराचे, माल दुसरीकडचा

आम्हा कापडवाल्यांना एक गोष्ट पहिल्या वर्षीच शिकावी लागते. मालाला जे गावाचे नाव असते, तेथे तो माल तयार झालेला असतोच असे नाही. पैठणी हे नाव पैठणचे. पण गेली अनेक दशके पैठण्यांचे सर्वांत मोठे विणकाम येवल्यात चालते. 'मसलीन' या युरोपीय शब्दाचा संबंध इराकातील मोसुल शहराशी जोडला जातो, परंतु जगभर गाजलेली मलमल विणली गेली ती ढाक्याच्या परिसरात. कालिकत बंदरातून गेलेल्या सुती कापडाला युरोपात 'कॅलिको' म्हटले गेले. मग ते कापड कोणत्याही मागावरचे असो.

पेरोजाचेही तसेच आहे. युरोपीय भाषांत त्याला 'टर्कॉइज' म्हणतात. त्याचा अर्थ 'तुर्की'. तुर्कस्तान ही या खड्याची प्रसिद्ध खाणभूमी नव्हे. तुर्की मुलखातून, तुर्की व्यापाऱ्यांच्या हातून तो पश्चिमेकडे पोहोचत असे, म्हणून गिऱ्हाइकाने विकणाऱ्याचे नाव मालाला दिले. आपल्याकडे मात्र तो फारसी नावाने आला. फारसीतील 'पेरोजा' किंवा 'फिरोजा' या शब्दाचे नाते 'विजयी' या अर्थाशी आहे. पारशी बांधवांतील फिरोज, पिरोजशहा ही नावे त्याच कुळातील. मराठीत पेरोज, पिरोजा, फिरोजा अशी रूपे रूढ झाली आणि साडीच्या दुकानात 'फिरोजी' हा रंग झाला. संस्कृत वैद्यकग्रंथांत आढळणारा 'पेरोज' हा शब्दही फारसीतूनच आलेला आहे. माणिक, मोती, पोवळे, पाचू, पुष्कराज, हिरा, नीलम, गोमेद आणि लसण्या या नवरत्नांत पेरोजाला स्थान नाही. खड्याचे नाव बाहेरचे आणि परंपरागत मालिकेत त्याला जागा नाही, या दोन्ही गोष्टी तो बाहेरून आलेला पाहुणा असल्याचे सुचवितात.

आपल्या मातीत तो का नाही

पेरोज हे तांबे आणि ॲल्युमिनियम यांचे पाणी धरून ठेवणारे फॉस्फेट आहे. कोरड्या, कमी पावसाच्या प्रदेशात तांबेयुक्त खडकांतून झिरपणारे पाणी ॲल्युमिनियम आणि फॉस्फरस असलेल्या खडकांच्या भेगांत जाते आणि तेथे हळूहळू हा खनिजपदार्थ साकळतो. निळाई तांब्यामुळे येते. लोहाचे प्रमाण वाढले की रंग हिरव्याकडे झुकतो. काठिण्य सुमारे ५ ते ६, म्हणजे काचेच्या जवळपास. खडा बहुधा सच्छिद्र असतो आणि तेल, घाम, साबण शोषून घेतो.

आपला बीड जिल्हा दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकावर वसला आहे. तेलगावच्या आसपास विहीर खणताना पांढरे, काचेसारखे खडे सापडतात, ते गारगोटी, अकीक किंवा झिओलाइट या जातीचे. लाव्हारसातील पोकळ्यांमध्ये ते तयार झाले. पेरोज तयार होण्यास लागणारी परिस्थिती या खडकात नाही. संपूर्ण भारतातच पेरोजाची नाव घेण्याजोगी खाण नाही. जगात त्याच्या प्रसिद्ध खाणी म्हणजे इराणच्या खोरासान प्रांतातील निशापूर, इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पातील वादी मघारा आणि सेराबित अल्-खादिम, मध्य आशियातील किझिलकुम वाळवंटाचा परिसर, चीनचा हुबेई प्रांत आणि अमेरिकेतील ॲरिझोना, नेवाडा व न्यू मेक्सिको ही राज्ये. तेव्हा भारतातील कोणताही अस्सल पेरोज परदेशातून आलेला, एवढे पहिल्याच पायरीवर ठरते. प्रश्न उरतो तो कोठून आणि कोणत्या वाटेने, हा.

वाट फार जुनी आहे. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे झाँ-फ्रांस्वा जारिज यांच्या नेतृत्वाखाली १९७४ पासून उत्खनन झाले, तेव्हा तेथील नवाश्मयुगीन दफनांत पेरोजाचे मणी सापडले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात सिंधूच्या मुखाजवळील बार्बरिकॉन बंदरातून निर्यात होणाऱ्या मालाच्या यादीत पेरोज आणि लाजवर्द ही दोन्ही रत्ने आहेत. कापडवाल्याच्या दृष्टीने त्याच वृत्तातील आणखी एक नोंद सांगण्याजोगी आहे. पैठणहून अकीकजातीचे दगड आणि तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, येथून मोठ्या प्रमाणावर साधे कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचला जात असे, असे त्यात म्हटले आहे. आपल्या शेजारच्या तेरचे कापड ज्या शतकात समुद्रापार जात होते, त्याच शतकात इराण-अफगाणिस्तानकडील रत्ने भारताच्या बंदरांतून पुढे जात होती. त्या रत्नांना रोममधील गिऱ्हाइकाने 'हिंदुस्थानी' म्हटले असते, तर त्याला दोष कसा द्यावा?

ठक्कुर फेरू यांची साक्ष

या शोधात मला सर्वांत मोठा आनंद एका जैन ग्रंथकाराच्या भेटीने झाला. त्यांचे नाव ठक्कुर फेरू. आजच्या हरियाणातील कन्नाणा गावचे हे श्रीमाळ श्रावक दिल्लीत सुलतान अलाउद्दीन खिलजी आणि त्याच्या वारसांच्या काळात राज्याच्या सेवेत होते. टांकसाळीच्या कामाचा त्यांना प्रत्यक्ष अनुभव होता. मंदिरनिर्माणाच्या संदर्भात आपण ज्या 'वास्तुसार' ग्रंथाचे नाव ऐकतो, तो त्यांचाच. विक्रम संवत १३७२ मध्ये, म्हणजे इ.स. १३१५ च्या सुमारास, त्यांनी 'रयणपरिक्खा' हा रत्नपरीक्षेवरील ग्रंथ प्राकृतात लिहिला आणि १३१८ मध्ये 'द्रव्यपरीक्षा' हा नाण्यांवरील ग्रंथ. नाण्यांच्या ग्रंथात देशोदेशीच्या नाण्यांचे कस आणि भाव त्यांनी दिले आहेत. गणितावरील 'गणितसारकौमुदी' हा ग्रंथही त्यांचाच.

'रयणपरिक्खे'चे वेगळेपण व्यापाऱ्याच्या लगेच ध्यानात येते. अगस्ती, बुद्धभट आदी पूर्वाचार्यांचा आदर राखूनही फेरू सांगतात की, अलाउद्दीनच्या कोशागारातील सागरासारखा रत्नसंग्रह आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. ग्रंथात वजने आहेत, त्या काळच्या टंक नाण्यांत भावांची कोष्टके आहेत. जुन्या ग्रंथांतील नवरत्नांपाशी ते थांबत नाहीत. लाल, अकीक आणि पेरोज ही 'पारसी' देशांकडून येणारी रत्ने म्हणून ते वेगळी काढतात आणि पेरोजाच्या खाणीचे जे नाव देतात, त्यात निशापूर ओळखता येते. सातशे वर्षांपूर्वी दिल्लीत बसलेल्या एका श्रावकाने खड्याच्या रंगाबरोबर त्याच्या खाणीचे नावही लिहून ठेवले, याचे मला मोठे अप्रूप वाटले.

आपल्या मराठवाड्याचाही या कोशागाराशी संबंध पोहोचतो. अलाउद्दीनने १२९६ मध्ये देवगिरीवर चाल करून रामदेवराव यादवाकडून अमाप संपत्ती नेली. त्याच बळावर त्याने दिल्लीचे तख्त मिळविले. पुढे मलिक काफूरच्या स्वाऱ्यांत दक्षिणेतील आणखी खजिने उत्तरेकडे गेले. फेरूंनी पाहिलेल्या रत्नराशींत देवगिरीचीही रत्ने असणार, असे मानण्यास पुरेशी जागा आहे. अशा ठिकाणी आल्यावर रत्नाचा इतिहास किती अवघड होतो पाहा. देवगिरीच्या भांडारात बाहेरदेशीचा एखादा खडा असेल, तर तो दिल्लीला पोहोचल्यावर त्याचे गाव कोणते म्हणावे? कोशागाराच्या वहीत 'देवगिरीहून आलेला' असे लिहिले जाणार. तेही खरे, पण तेवढेच खरे.

हे ग्रंथ आपल्या हाती आले ते दोन व्यापारी गृहस्थांमुळे, हेही सांगितले पाहिजे. बिकानेरचे अगरचंद नाहटा आणि त्यांचे पुतणे भंवरलाल नाहटा हे व्यापारी घराण्यातले. शाळेचे शिक्षण थोडेच. आयुष्यभर त्यांनी हस्तलिखिते गोळा केली. कलकत्त्यातील एका जैन संग्रहात त्यांना चौदाव्या शतकाच्या मध्यावरची, फेरूंच्या ग्रंथांची पोथी मिळाली. १९६१ मध्ये जोधपूरच्या राजस्थान प्राच्यविद्या प्रतिष्ठानाने 'रत्नपरीक्षादि सप्तग्रंथसंग्रह' या नावाने ते ग्रंथ प्रसिद्ध केले. पुढे १९८४ मध्ये श्रीरामुल राजेश्वर शर्मा यांनी 'रयणपरिक्खे'चे इंग्रजी भाषांतर सटीप प्रकाशित केले. एका पोथीने वाळवीला तोंड दिले नसते, तर ही साक्ष कायमची गेली असती.

फिरोजी तख्ताचा धडा

फेरूंचा आधार मिळाल्याबरोबर मला वाटले, पट्टी लिहून टाकावी : 'निशापूरचा पेरोज'. पण दख्खनच्याच इतिहासातील एका प्रसंगाने हात थांबविला.

१३४७ मध्ये दौलताबादेत बहमनी राज्याची स्थापना झाली आणि राजधानी गुलबर्ग्यास गेली. दुसरा सुलतान मुहंमदशहा याला तेलंगणच्या कापय नायकाकडून एक सिंहासन मिळाले. मुळात ते दिल्लीच्या मुहंमद तुघलकाला नजर करण्यासाठी बनविले होते, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. बहमनी दरबारात ते 'तख्त-इ-फिरोजा' म्हणून गाजले. नाव ऐकून कोणालाही वाटेल की ते पेरोजाने मढविलेले असावे. फरिश्ता आधी अहमदनगरच्या निजामशाहीत आणि नंतर विजापूरच्या आदिलशाहीत होता. त्याने दिलेली माहिती वेगळीच आहे. सुमारे नऊ फूट लांब आणि तीन फूट रुंद असे ते तख्त अबनुसी लाकडाचे होते, त्यावर सोन्याचे पत्रे होते, आणि त्याच्या काही भागांवर आकाशी रंगाचे मिनाकाम होते. त्या रंगावरून त्याला फिरोजा म्हणत. प्रत्येक सुलतानाने त्यात रत्नांची भर घातली आणि शेवटी मूळचा निळा मिना दिसेनासा झाला. सुलतान महमूदशहाच्या काळात ते मोडले, तेव्हा जवाहिऱ्यांनी त्याची किंमत एक कोटी होन केली.

म्हणजे दख्खनमधील सर्वांत प्रसिद्ध 'फिरोजा' हा खडा नव्हताच. तो रंग होता, आणि तोही रत्नांखाली झाकला गेलेला. नाव मात्र टिकून राहिले. घराण्यातील हकिकतीही अशाच टिकतात. माझ्या मनात आले की, आजीच्या अंगठीतला खडा मुळात पेरोज तरी आहे का?

जळलेल्या धाग्याचा वास

दुकानात कोणी 'शुद्ध रेशीम' म्हणून कापड दाखविले, तर आम्ही एक धागा ओढून जाळून पाहतो. केस जळल्यासारखा वास आला आणि राख चुरगळली तर रेशीम. गोळी होऊन कडक राहिली तर कृत्रिम धागा. खड्यांच्या व्यवसायात तापलेल्या सुईची परीक्षा पूर्वी अशीच होती. खड्याच्या आडबाजूला सुई टेकविली की प्लॅस्टिकचा वास येतो किंवा मेण वितळून घाम फुटल्यासारखे दिसते. या परीक्षेने खड्याला डाग पडतो, म्हणून जाणकार ती आता टाळतात.

पेरोजाच्या नकला पुष्कळ. हाउलाइट आणि मॅग्नेसाइट हे पांढरे, जाळीदार खनिज निळे रंगवून विकतात. काच, मिना आणि प्लॅस्टिक तर आहेतच. खऱ्या पण ठिसूळ पेरोजात राळ भरून तो टणक करतात. चुरा आणि राळ एकत्र दाबून वड्या करतात. १९७२ पासून फ्रान्समधील पियर जिलसन यांच्या पद्धतीने बनविलेला कृत्रिम पेरोजही बाजारात आला. प्रयोगशाळेत खड्याचा वक्रीभवनांक पाहतात, तो पेरोजात सुमारे १.६१ येतो. विशिष्ट गुरुत्व काढतात, सूक्ष्मदर्शकाखाली पोत पाहतात आणि अवरक्त किरणांच्या वर्णपटातून राळेचा भराव शोधतात.

गेल्या वर्षी मूळजी जेठा मार्केटमध्ये खरेदीसाठी मुंबईला गेलो, तेव्हा तेथील एका प्रयोगशाळेत अंगठी तपासून घेतली. निकाल असा : खडा नैसर्गिक पेरोज, राळेचा भराव नाही, रंग दिलेला नाही. जीव भांड्यात पडला. मी विचारले, "मग निशापूरचा म्हणायला हरकत नाही ना?" तपासणाऱ्या तरुणाने नम्रपणे सांगितले, "काका, खडा कोणत्या जातीचा ते सांगता येते. एकट्या खड्यावरून खाण सांगायची आमची पद्धत नाही." धाग्याच्या वासाने रेशीम कळते, ते बंगळुरूचे की चीनचे, हे कळत नाही. जी गोष्ट मी गिऱ्हाइकांना चाळीस वर्षे सांगत आलो, ती मला त्या मुलाने सांगितली.

रंगावरून ठरवावे, तर आमचा खडा आज हिरवट आहे. कोणी म्हणेल, निशापूरचा आकाशी, म्हणून हा तेथला नव्हे. हिरवट आहे म्हणजे तिबेटकडचा. परंतु आजीने ती अंगठी भाकरी थापताना, भांडी घासताना, केसांना तेल लावताना क्वचितच काढली. सच्छिद्र खडा तेला-घामाने हिरवा होतो. म्हणजे आजचा रंग खाणीचा की आमच्या स्वयंपाकघराचा, हे सांगता येत नाही. खड्यावरची तपकिरी जाळी पाहून निर्णय करावा, तर लोहमिश्रित तशी जाळी अनेक खाणींच्या मालात सापडते.

पाण्याची आणि तांब्याची खूण

मग खाण कधी सांगताच येत नाही का? येते, पण त्यासाठी वेगळी तयारी लागते. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील चाको दरीत प्राचीन पुएब्लो लोकांच्या वसाहती आहेत. तेथे पेरोजाचे लाखो तुकडे सापडले. सुमारे २०० किलोमीटरवरील सेरिलोस येथे जुनी खाण असल्याने तो माल तेथलाच, असे पुष्कळ काळ मानले गेले. मॅनिटोबा विद्यापीठाच्या शॅरन हल, मुस्तफा फायेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेरोजातील हायड्रोजन आणि तांबे यांच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजले. हायड्रोजन हा पेरोज ज्या पाण्यातून साकळला त्या पाण्याची खूण सांगतो आणि तांबे हे मूळच्या तांबेखडकाची. दोन्ही खुणा जुळल्या तर खाण ओळखता येते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात चाकोचा काही माल कोलोरॅडो, नेवाडा आणि कॅलिफोर्नियाकडील दूरच्या खाणींचा निघाला.

मेक्सिकोतील अझ्टेक लोकांच्या पेरोजाबाबत याच्या उलट घडले. तो दूर उत्तरेकडील अमेरिकन खाणींतून आला, असा समज होता. २०१८ मध्ये ॲलिसन थिबोडो आणि सहकाऱ्यांनी शिसे आणि स्ट्रॉन्शियम यांच्या समस्थानिकांवरून दाखविले की, त्यांनी तपासलेला माल मेसोअमेरिकेतल्याच खडकांशी जुळतो. एके ठिकाणी जवळचा वाटलेला माल दूरचा ठरला, दुसरीकडे दूरचा वाटलेला जवळचा. दोन्ही वेळी एक गोष्ट सारखी होती : तुलनेसाठी अनेक खाणींतले, ठिकाण नक्की माहीत असलेले नमुने अभ्यासकांजवळ होते. अशा नमुन्यांचा संग्रह नसेल, तर सर्वांत महागडे यंत्रही फक्त आकडा देईल. गाव सांगणार नाही.

वहीतील एक ओळ

खड्याने सांगायचे तेवढे सांगितले. उरला होता कागद. ट्रस्टच्या प्रदर्शनासाठी आजोबांच्या मोडी वह्या बाहेर काढल्या होत्याच. मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त गुरुजींना सोबत घेऊन आम्ही पाने उलटू लागलो. आजोबा परळीहून आगगाडीने हैदराबादेस कापडखरेदीला जात. संवत १९९८ च्या मार्गशीर्षात, म्हणजे १९४१ च्या अखेरीस, कापडाच्या गाठी, हमाली, भाडे यांच्या खाली एक ओळ सापडली : पेरोज नग एक, पत्थरगट्टी, हाली सिक्का रुपये अठरा. इराणचे नाव नाही, खाणीचे नाव नाही, विकणाऱ्याचेही नाव नाही.

हैदराबादच्या बाजारात इराणी पेरोज येणे अगदी स्वाभाविक होते. सतराव्या शतकात दख्खनमधून गोवळकोंड्याला गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या तावर्निये लिहितो की, पेरोज इराणातच मिळतो आणि निशापूरजवळच्या जुन्या खाणीचा उत्तम माल शहासाठी राखून ठेवतात. निशापूरच्या व्यापाऱ्यांत मालाच्या तीन प्रती होत्या. पहिली 'अंगुश्तरी', म्हणजे अंगठीच्या योग्यतेची, नगावर विकली जाणारी. दुसरी 'बारखाना', वजनावर विकली जाणारी. तिसरी 'अरबी', म्हणजे उतरती. तेव्हा १९४१ साली पत्थरगट्टीवर घेतलेला नग निशापूरचा असण्याचा संभव मोठा आहे. मात्र संभव वेगळा आणि नोंद वेगळी. जमाखर्चाच्या वहीत संभाव्य रक्कम जमेला धरली तर ताळा जुळत नाही, हे मला बी.कॉम.च्या पुस्तकांआधी आजोबांनी शिकविले होते.

आपल्या परंपरेत एखाद्या वस्तूविषयी बोलताना कोणत्या अपेक्षेने, किती मर्यादेत बोलतो आहोत, हे सांगण्याची शिस्त आहे. 'स्यात्' हा शब्द आपण व्याख्यानांत नेहमी ऐकतो. १९८४ साली मी बहिणीला जे सांगितले, त्यात तो शब्द नव्हता. बांगड्यांची उणीव भरून काढण्यासाठी मी आजीच्या ऐकीव वाक्याला खात्रीचा शिक्का मारला. खडा खोटा निघाला नाही, हे आमचे भाग्य. माझे बोलणे त्यामुळे खरे ठरत नाही.

मी बहिणीला फोन करून सर्व सांगितले. वहीतील अठरा रुपयांचा आकडाही सांगितला. ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे बांगड्यांहून भारी नव्हती." मी म्हटले, "नव्हती." पुन्हा थोडे थांबून तिने विचारले, "ती ओळ आजोबांच्या हातची आहे ना? तिचा फोटो अंगठीशेजारी लाव." बांगड्यांचा हिशेब आम्हा भावाबहिणीत आता वेगळा होईल, तो या लेखाचा विषय नव्हे.

पट्टी पुढीलप्रमाणे लिहिली आहे :

'पेरोजाची अंगठी. खडा नैसर्गिक, भराव व रंग नाही (प्रयोगशाळेत तपासलेला). खरेदी : हैदराबाद, पत्थरगट्टी, संवत १९९८ (इ.स. १९४१), हाली सिक्का रु. १८. आधार : घरची वही, छायाचित्र सोबत. खड्याचा सध्याचा हिरवट रंग वापराने आलेला असू शकतो. घरातील समज : इराणचा पेरोज. खाणीची नोंद नाही.'

वाचकबंधू-भगिनींना एक विनंती करून लेख पुरा करतो. आपापल्या घरी एखादी मूर्ती, पोथी, दागिना, शालू किंवा तांब्याचे भांडे असेल, त्याच्याबरोबर एक कागद ठेवा. ती वस्तू कोणी, कोठे, कधी, किती किमतीला घेतली, हे माहीत असलेल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा आणि त्यांच्या शब्दांत लिहून ठेवा. पाहिलेले काय आणि ऐकलेले काय, याच्या दोन वेगळ्या ओळी करा. ठक्कुर फेरूंनी खाणीचे नाव लिहिले म्हणून ते आपल्याला सातशे वर्षांनी वाचता आले. आमच्या आजोबांनी बाजाराचे नाव लिहिले. खाणीचेही विचारून लिहिले असते, तर पट्टी एका संध्याकाळीत झाली असती.